कठीण क्रोमियम विलेपन

पोलाद, बीड, तांबे इ. धातूंच्या वस्तूंवर विद्युत् विच्छेदनाच्या साहाय्याने क्रोमियमाचा पातळ, पण अतिशय कठीण थर बसविण्याच्या क्रियेला कठीण क्रोमियम विलेपन असे म्हणतात. सायकलीच्या हँडलावर किंवा नळाच्या तोटीवर दिसणारा क्रोमियमाचा थर शोभेचा असतो. तो निकेलाच्या थरावर दिलेला असून त्याची जाडी १ मायक्रॉनाहूनही (१ मायक्रॉन = मिमी.चा हजारावा भाग) कमी असते. कठीण विलेपनात मात्र थर बहुधा सरळ आधार धातूवरच चढवितात व त्याची जाडी २–३ मायक्रॉनांपासून सु. अर्ध्या मिमी.पर्यंत असू शकते. एंजिनातील दट्ट्याची कडी, द्रवीय दाबयंत्रांचे दांडे, प्लॅस्टिकाच्या वस्तूंचे साचे, कागद व कापड गिरण्यांतील रूळ, मोजमापाची प्रमापके, तोफांच्या नळ्यांचे अंतर्भाग इत्यादींवर असे विलेपन करतात. झिजून मापाबाहेर गेलेला भाग पुन्हा मापात आणण्यासाठीही त्याचा मोठा उपयोग होतो. [⟶ विद्युत् विलेपन].

क्रोमियम हा धातू एकच असला, तरी टाकीतून बाहेर येणारे त्याचे थर मात्र एकसारखे नसतात. त्याच द्रावणातून, त्याच जाडीचे दोन थर घेतले आणि द्रावणाचे तापमान व विद्युत् प्रवाहाची घनता (दर चौ. डेसिमीटर पृष्ठभागावरील प्रवाह) एवढेच बदलले, तर एक थर वर्षानुवर्षे टिकतो, तर दुसरा काही दिवसांतच कपच्या निघून जातो किंवा भराभर झिजतो. पुष्कळदा ही दोन वस्तूंमधील तफावत नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. म्हणूनच विलेपनाच्या परिस्थितीचा झीजरोधाशी असलेला संबंध हा या तंत्रातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न ठरला आहे.

इतिहास : एल. एन. व्होक्लँ यांनी १७९७ मध्ये क्रोमियमाचा शोध लावला. आर. डब्ल्यू. बन्सन यांनी १८५४ मध्ये क्रोमिक क्लोराइडाच्या व ए. गॉयथर यांनी १८५६ मध्ये क्रोमिक अम्लाच्या विद्रावातून विद्युत् विच्छेदनाने हा धातू मिळविला. परंतु त्यानंतर सु. सत्तर वर्षे ही गोष्ट प्रयोगशाळेबाहेर पडू शकली नाही. कधी थर बसे, कधी बसत नसे, आणि याचे कारण कोणालाच नीट उमगत नव्हते. जी. जे. सार्जंट यांनी १९२० मध्ये क्रोमिक अम्लात थोडे सल्फेट असलेल्या विद्रावाचे प्रयोग प्रसिद्ध केले. सी. जी. फिंक यांनी सल्फेटाचे कार्य उत्प्रेरकाचे असून त्याचे क्रोमिक अम्लाशी असलेले प्रमाण काटेकोरपणे राखले पाहिजे, हे दाखवून दिले व १९२६ मध्ये त्याचे एकस्व मिळविले. कधी साधणारी व कधी न साधणारी ही क्रिया त्यामुळे कारखान्यात रोज करता येण्याजोगी झाली.

विद्राव व विक्रिया : सार्जंट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व आजही प्रचारात असलेल्या विद्रावात दर लिटरला सु. २५० ग्रॅ. क्रोमिक अम्ल (क्रोमियम ट्रायऑक्साइड) व २·५ ग्रॅ. सल्फेट असते, म्हणजे प्रमाण १०० : १ असते. सल्फेट मुळीच नसेल तर धातू बसत नाही, व फार झाले तरीही बसत नाही. धनाग्र क्रोमियमाचे न करता शिशाच्या अँटिमनी किंवा कथिल असलेल्या मिश्रधातूचे करतात. क्रोमियमाचे धनाग्र ऋणाग्रावर धातू बसतो त्याहून कितीतरी अधिक वेगाने विरघळून विद्रावाचा तोल बिघडवील. शिशाच्या धनाग्रावर तयार होणाऱ्या तपकिरी पेरॉक्साइडाचा दुसराही एक फायदा होतो. ऋणाग्रापाशी तयार झालेल्या त्रिसंयुजी क्रोमियमाचे त्याच्या पृष्ठभागावर पुन्हा षट्‌संयुजी क्रोमियमात रूपांतर होते. टाकी बरेच दिवस बंद राहिली की, धनाग्रांवर लेड क्रोमेटाची पिवळी साय धरते व ती खरवडून काढल्याशिवाय प्रवाह नीट वाहत नाही.

षट्‌संयुजी क्रोमियमाचा एक अणू धातुरूप होण्यास सहा इलेक्ट्रॉन लागतात. त्यामुळे सर्व प्रवाह या एकाच कामी लागला, तरी एका अँपिअर-तासात केवळ ०·३२ ग्रॅ. क्रोमियम मिळेल. प्रत्यक्षात सार्जंट विद्रावात प्रवाहाचा १० ते २० टक्केच भाग धातू बसविण्यास खर्ची पडतो; उरलेल्याने मुख्यत्वे हायड्रोजन वायू निघतो व विद्राव तापतो. चौ. डेसिमीटरला ५० अँपिअर प्रवाह व १५ टक्के कार्यक्षमता धरली, तर तासाला सु. ३४ मायक्रॉन जाडीचा थर मिळतो. पाव मिमी. जाडीच्या थरासाठी टाकी सात-आठ तास अखंड चालू ठेवावी लागते. एवढ्या दीर्घ काळात तापमान व प्रवाह स्थिर राहिला नाही, तर थराचा तळ एका प्रकारचा व माथा दुसऱ्या प्रकारचा होतो.

तापमान व प्रवाह घनता : या दोन गोष्टींचा विचार नेहमी जोडीने करावा लागतो. एका कडेला तापमान कमी व प्रवाह जास्त असतो. उदा., सु. ४०° से.खाली जोराचा प्रवाह दिला, तर थर करडा, खरखरीत आणि ठिसूळ येतो. कारागीर त्याला ‘जळालेला’ थर म्हणतात. दुसऱ्या कडेला तापमान जास्त व प्रवाह कमी असतो. सु. ७०° से.च्या आसपास वा त्याहून वर थर दुधी रंगाचा, मऊ व जवळजवळ तडारहित येतो. या दोहोंच्या मध्ये चकचकीत थराचा पट्टा असतो. बहुतेक कारखान्यांत ५०° ते ६०° से. तापमान व चौ. डेसिमीटरला ३० ते ६० अँपिअर ही मर्यादा पाळतात, ती या पट्ट्यात राहण्यासाठीच होय. प्रवाह वाढविला की, चकचकीत थर मिळण्यासाठी तापमानही वाढवावे लागते. कार्यक्षमता मात्र उलट वागते : ती प्रवाह वाढविला असता वाढते व तापमान वाढविले असता घटते. त्यामुळे काम लवकर उरकावे म्हणून प्रवाह वाढवून टाकी गार ठेवण्याचा मोह होतो. जाडी झटपट भरते, परंतु थर करड्या बाजूला सरकतो.

चकचकीत थराची व्हिकर्स कठिनता साधारणपणे ८५० ते १,०५० असते. उत्तम कठीण केलेल्या धारव्याच्या (बेअरिंगच्या) पोलादाची कठिनता ७०० ते ८०० च्या आसपास असते, हे लक्षात घेता हा आकडा मोठा आहे. अधिक नवलाची गोष्ट अशी की, हाच थर उच्च तापमानास तापवून सावकाश निवविला, तर त्याची कठिनता मूळच्या एक-चतुर्थांशाहूनही कमी होते. म्हणजे कठिनता हा क्रोमियमाचा अंगचा गुण नसून ती विलेपनाच्या परिस्थितीने दिलेली असते. अत्यंत सूक्ष्म कण, कणांच्या सीमांवर अडकलेली ऑक्साइडे, शोषला गेलेला हायड्रोजन आणि मोठे अंतर्गत ताण प्रतिबल यांचा तो एकत्रित परिणाम आहे. तापमान वाढले की कण मोठे होतात, ऑक्साइडे व हायड्रोजन कमी अडकतात आणि थर दुधी व मऊ होतो.

सूक्ष्म तडे : चकचकीत थर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर तो कोरड्या पडलेल्या तळ्याच्या गाळासारखा असंख्य तड्यांनी भेगाळलेला दिसतो. सी. ए. स्नेव्हली यांनी १९४७ मध्ये याची उपपत्ती मांडली. विलेपन होताना प्रथम अंशतः क्रोमियमाची अस्थिर हायड्राइडे तयार होतात व ती लगेच विघटित होऊन धातू व हायड्रोजन वेगळे होतात. या बदलात घनफळ १५ टक्क्यांहून अधिक आकुंचन पावते. खालच्या पृष्ठाला घट्ट धरून असलेला थर मोकळेपणाने आकसू शकत नाही, तो ताणला जातो व अखेर फाटतो. वर नवा थर बसून तडा बुजतो, पुन्हा ताण साठतो व नवा तडा जातो. त्यामुळे एकच तडा सामान्यतः वरपासून तळापर्यंत जात नाही.

तडे म्हणजे दोष, असा समज होणे स्वाभाविक आहे. पण येथे तो सर्वस्वी बरोबर नाही. दर सेंमी.ला काही शेकडो इतके बारीक तडे असलेला थर आपला ताण सर्वत्र वाटून टाकतो, व तड्यांमध्ये तेल धरून ठेवले जात असल्याने वंगणही टिकते. याउलट थोडे, रुंद व खोल तडे वाईट : तेथून कपच्या सुटतात आणि ओलावा आधार पोलादापर्यंत पोहोचून गंज आतून पसरतो. दुधी थरात तडे नसल्याने तो गंजाला अधिक चांगला रोध करतो. म्हणून काही कामांत खाली दुधी व वर चकचकीत असे दोन थर देतात. तापमान, प्रवाह व उत्प्रेरक यांच्या निवडीने तड्यांची संख्या ठरविता येते. फ्ल्युओराइड वा सिलिकोफ्ल्युओराइड असलेल्या मिश्र उत्प्रेरकाच्या विद्रावात कार्यक्षमता सु. २५ टक्क्यांपर्यंत वाढते व तडे अधिक दाट येतात. पण जेथे थर बसत नाही तेथील उघडे पोलाद हे विद्राव खातात, ही त्यांची मोठी अडचण आहे. सल्फॉनिक अम्लांचे उत्प्रेरक नंतर प्रचारात आले, ते मुख्यतः हा दोष टाळण्यासाठी होय.

कठिनता आणि झीज : जे. एफ. आर्चर्ड यांनी १९५३ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार झिजून गेलेले घनफळ हे भार व सरकण्याचे अंतर यांच्या सम प्रमाणात आणि पृष्ठाच्या कठिनतेच्या व्यस्त प्रमाणात असते. त्यावरून जो थर सर्वांत कठीण तोच सर्वांत टिकाऊ, असे अनुमान निघते आणि पुष्कळ ग्राहक आजही एवढ्याच कसोटीवर माल स्वीकारतात. पण सूत्रात एक गुणांक आहे व सर्व गोम त्यातच आहे. झीज नुसत्या ओरखड्यांनी होत नाही. ठिसूळ थराचे कण भाराखाली सुटतात आणि ते सुटलेले कठीण कणच दोन पृष्ठांमध्ये वाळूसारखे काम करून उरलेला थर घासून काढतात. कमी तापमानाच्या करड्या थराची कठिनता भरपूर असूनही त्याचा झीजरोध कमी पडतो, तो यामुळेच. दुधी थर तुटत नाही, पण तो मऊ असल्याने ओरखडतो. सर्वोत्तम झीजरोध चकचकीत पट्ट्यात मिळतो. तथापि त्या पट्ट्यातही कठिनतेचा उच्चांक व झीजरोधाचा उच्चांक नेहमी एकाच ठिकाणी पडत नाहीत.

शिवाय झीजरोध हा एकट्या थराचा गुण नव्हे, तो जोडीचा गुण आहे. बिडाच्या सिलिंडरात क्रोमियम दिलेली कडी उत्तम चालते. पण सिलिंडर व कडी अशा दोहोंवर क्रोमियम दिले, तर ती एकमेकींना ओरबाडतात. तसेच आधार धातू मऊ असेल, तर त्यावरचा पातळ कठीण थर गादीवर ठेवलेल्या काचेसारखा वागतो. भाराखाली गादी दबते व काच फुटते. म्हणून जास्त दाबाच्या कामात विलेपनापूर्वी पोलाद कठीण करून घेतात. कठिनता मोजतानाही हेच ध्यानात ठेवावे लागते. थर पातळ व भार मोठा असेल, तर उपकरणाची सुई थराची नव्हे, तर थर व आधार या दोहोंची मिळून कठिनता दाखविते.

इतर घटक : सल्फेटाचे प्रमाण अधूनमधून तपासून, जास्त झाल्यास ते बेरियम कार्बोनेटाने उतरवितात. विरघळलेले लोह व वाढलेले त्रिसंयुजी क्रोमियम यांमुळे विद्रावाचा रोध वाढतो आणि चकचकीत थराचा पट्टा अरुंद होतो. क्लोराइड, मग ते धुण्याच्या पाण्यातून आले तरी, पृष्ठ खाऊन टाकते. एकदिशकारकाकडून येणारा प्रवाह शक्य तितका अखंड व सम असावा लागतो. तो क्षणभर तुटला तरी क्रोमियमाच्या पृष्ठावर निष्क्रिय पटल तयार होते व त्यावरचा पुढील थर नीट चिकटत नाही. अशी वस्तू टाकीतून निर्दोष दिसत निघते व वापरात पापुद्र्याप्रमाणे सुटते. मोठी, जड वस्तू टाकीत सोडताच प्रवाह सुरू करणे हीही अशीच एक नेहमीची चूक होय. विद्राव ५५° से. असला, तरी वस्तू अजून गार असते आणि चिकटण्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा असा पहिला थर करडा बसतो. वस्तू विद्रावाइतकी तापेपर्यंत थांबण्याची अर्धा-पाऊण तासाची सबुरी पुष्कळ ठिकाणी दाखविली जात नाही.

या विद्रावाची पसरण्याची शक्ती फारच कमी असते. कडा व कोपरे यांवर प्रवाह एकवटून तेथे जाड व जळालेला थर येतो, तर खाचा व भोके कोरडी राहतात. म्हणजे एकाच वस्तूच्या निरनिराळ्या भागांना निरनिराळी परिस्थिती लाभते. त्यावर उपाय म्हणून वस्तूच्या आकाराला जुळणारी धनाग्रे, प्रवाह अडविणारे आडोसे व कडांजवळचा जादा प्रवाह स्वतःवर घेणाऱ्या तारा वापरतात. धनाग्राची रचना करणे हे या धंद्यातील खरे कौशल्य मानले जाते.

विलेपनानंतरच्या क्रिया : विलेपनाच्या वेळी निघणारा हायड्रोजन काही अंशी आधार पोलादात शिरतो. उच्च बलाच्या पोलादाचा भाग त्यामुळे भाराखाली काही तासांनी वा दिवसांनी, कोणतीही पूर्वसूचना न देता मोडू शकतो. विमानाच्या चाकांच्या आधारदांड्यांच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो, हे सांगावयास नको. म्हणून असे भाग विलेपनानंतर लवकरात लवकर सु. १९०° ते २२०° से. तापमानास अनेक तास ठेवून हायड्रोजन घालवितात. या तापमानाने थराची कठिनता फारशी उतरत नाही; ४००° से.च्या पुढे मात्र ती झपाट्याने घटते. थरातील ताण व तडे यांमुळे पोलादाची शिणवटा सहन करण्याची शक्तीही घटते. ती भरून काढण्यासाठी आधी पृष्ठावर बारीक पोलादी गोळ्यांचा मारा करतात. शेवटचे शाणनही जपून करावे लागते. चाकावर जोर दिल्यास क्षणिक उष्णतेने तड्यांचे जाळे उमटते व टाकीत कमावलेले सारे येथे गमावले जाते.

तेल अधिक धरून ठेवण्यासाठी थर प्रवाह उलट करून मुद्दाम खावविता येतो. तडे रुंदावून पृष्ठ सच्छिद्र होते. एच. व्हान डर हॉर्स्ट यांनी विकसित केलेली ही रीत एंजिनांच्या सिलिंडरांसाठी वापरात आली. मूळ थरात तडे किती दाट होते, यावर छिद्रांचे जाळे कसे येईल हे अवलंबून असते. म्हणजे येथेही पहिला प्रश्न तापमान व प्रवाहाचाच असतो.

बाष्प निक्षेपण : निर्वात पात्रात बाष्परूपाने बसविलेल्या कठीण थरांनाही हाच नियम लागू पडतो. बी. ए. मोव्हचन व ए. व्ही. डेमचिशिन यांनी १९६९ मध्ये असे दाखविले की, आधाराचे तापमान व निक्षेपित पदार्थाचा वितळबिंदू (दोन्ही केल्व्हिनमध्ये) यांचे गुणोत्तर सु. ०·३ पेक्षा कमी असल्यास थर निमुळत्या, मधे पोकळ्या असलेल्या स्तंभांचा होतो व ते वाढल्यास घट्ट होत जातो. जे. ए. थॉर्नटन यांनी १९७४ मध्ये त्यात वायुदाबाच्या परिणामाची भर घातली. टिटॅनियम नायट्राइडाचा सोनेरी, २ ते ५ मायक्रॉन जाडीचा थर जलदगती पोलादाच्या गिरमिटावर देताना तापमान सु. ५००° से.च्या वर नेता येत नाही, कारण पोलादच मऊ पडेल. ही उणीव आयनांच्या माऱ्याने भरून काढतात. मारा कमी पडल्यास थर विरळ राहतो; अति झाल्यास संपीडन प्रतिबल इतके वाढते की, थर कडांवरून आपोआप उडतो.

आरोग्य व पर्याय : टाकीतून निघणारे हायड्रोजनाचे बुडबुडे आपल्याबरोबर क्रोमिक अम्लाचे धुके हवेत आणतात. ते दीर्घ काळ श्वसनावाटे गेल्यास नाकाच्या पडद्याला भोक पडते, व षट्‌संयुजी क्रोमियम फुप्फुसाच्या कर्करोगास कारणीभूत होते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० मध्ये त्याचा समावेश मानवात निश्चितपणे कर्करोगकारक असलेल्या पदार्थांच्या गटात केला. अमेरिकेत २००६ मध्ये कामाच्या जागेच्या हवेतील त्याची मर्यादा घ. मी.ला ५ मायक्रोग्रॅम ठरविण्यात आली. यूरोपीय संघात २१ सप्टेंबर २०१७ पासून विशेष अधिकृतीशिवाय क्रोमियम ट्रायऑक्साइडाचा वापर करण्यास मनाई झाली. धुके दाबण्यासाठी विद्रावात घालण्यात येणारे फ्ल्युओरिनयुक्त सल्फोनेटच पुढे घातक ठरून २००९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत गेले. प्रवाहाचा जो मोठा वाटा धातू न बसविता हायड्रोजन काढण्यात वाया जातो, तोच हे धुके निर्माण करतो. त्यामुळे कार्यक्षमतेचा प्रश्न विजेच्या बिलापुरता मर्यादित नाही, टाकीशेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या फुप्फुसाचाही तो प्रश्न आहे. छोट्या विलेपनशाळांत हवा ओढून घेणारी तोंडे टाकीच्या काठावर बसविलेली नसतात, किंवा बसविलेली असूनही बंद असतात, ही खेदाची गोष्ट आहे.

पर्यायांपैकी त्रिसंयुजी क्रोमियमाचे विद्राव शोभेच्या कामात चांगले रुळले आहेत. जाड, कठीण थरासाठी त्यांचा वापर अधिक अवघड आहे. दट्ट्याच्या कड्यांवर बाष्प निक्षेपणाने क्रोमियम नायट्राइड दिले जाते. विमानांच्या आधारदांड्यांवर टंगस्टन कार्बाइड, कोबाल्ट व क्रोमियम यांची पूड अतिवेगवान ज्वालेने फवारून थर देतात. त्यात टाकी नसल्याने विलेपनातून हायड्रोजन पोलादात शिरण्याचा धोकाही नसतो. परंतु खोल नळीच्या आतील पृष्ठावर ज्वाला पोहोचविणे कठीण असते, आणि परिस्थितीचा प्रश्न येथेही सुटत नाही : ज्वालेत कण जरुरीपेक्षा अधिक तापले, तर कार्बाइडातील कार्बन जळून थर ठिसूळ होतो, आणि कमी तापले वा मंद वेगाने आले, तर थर सच्छिद्र राहतो.